न विचारता सांगितलेलं कंपनीत कुठं जातं?

पेरणी होऊन आठ-दहा दिवस झाले की बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाईच्या मोंढ्यातल्या कृषी सेवा केंद्रांत एक वाक्य हमखास कानावर पडतं : "दादा, उगवलंच नाही की हो." सांगणाऱ्याच्या हातात सोयाबीनची रिकामी पिशवी असते, नाहीतर पिशवी घरी राहिलेली असते आणि मोबाइलमध्ये रानाचा फोटो असतो. दुकानदार मान न वळवता तीन प्रश्न विचारतो. पेरलं तेव्हा ओल किती होती? किती खोल गेलं? आणि बांधाला बांध असलेल्या माणसाचं उगवलं का?

शेतकऱ्याला वाटतं, हा टोलवतोय. पण हे प्रश्न दुकानदाराच्या पदरचे नसतात. कंपनीच्या माणसानं ते त्याला शिकवलेले असतात आणि त्यांच्यामागे शास्त्रही आहे. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. पोतं ट्रकमधून आपटून उतरवलं तरी आतल्या अंकुराला इजा होते. बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा फार खाली गेलं आणि वरून पावसानं पापडी धरली, तर कोंब वर येताना मोडतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दर वर्षी ओरडून सांगतं ते त्यामुळेच. म्हणजे प्रश्न खरे आहेत. पण ते चाळणीचंही काम करतात. तीनपैकी एका प्रश्नाला उत्तर अडखळत आलं की बोलणं तिथंच संपतं, आणि ते वाक्य कंपनीपर्यंत पोचतच नाही.

गिऱ्हाईक कंपनीला आपणहून दोन प्रकारच्या गोष्टी सांगतं. एक, तुमच्या मालात खोट आहे. दुसरी, तुमचा माल असा असता तर बरं झालं असतं. आपल्याला दोन्ही सारख्याच वाटतात, दोन्हीकडे "कंपनीनं ऐकलं पाहिजे" असंच आपण म्हणतो. कंपनीच्या आत मात्र त्या दोन वेगळ्या दारांनी शिरतात, आणि दुसऱ्या गोष्टीला बहुतेक ठिकाणी दारच नसतं.

आधी पहिली. बियाण्याच्या धंद्यात तक्रारीची खरी किंमत पिशवीवरच्या लॉट नंबरमध्ये असते. एका शेतकऱ्याचं उगवलं नाही, तर तो कंपनीच्या लेखी एका रानाचा प्रश्न असतो. एकाच लॉटचं बी आष्टीत, केजमध्ये आणि धारूरमध्ये न उगवल्याचं कळलं, की तो मालाचा प्रश्न होतो. मग त्या लॉटची विक्री थांबते, राखून ठेवलेल्या नमुन्याची उगवण पुन्हा तपासली जाते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. त्यामुळे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी मोजणाऱ्या शेतकऱ्याकडे कंपनीच्या प्रयोगशाळेइतकाच सोपा निकष असतो, फक्त तो पेरणीआधी लावायला हवा. लॉट नंबर नसलेली तक्रार मात्र कुणालाच नको असते. कंपनीला ती जोडता येत नाही, अधिकाऱ्याला नोंदवता येत नाही. म्हणून पिशवी, तिचा टॅग, पक्की पावती आणि जमलं तर मूठभर बी जपून ठेवा, असं प्रत्येक मेळाव्यात सांगतात. पावतीवर लॉट नंबर लिहून घ्यायला शेतकरी संकोचतो, कारण निम्मं बियाणं उधारीवर उचललेलं असतं आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला पावतीसाठी भांडता येत नाही.

तोंडी बोलून भागलं नाही की लेखी अर्ज येतो. तो कृषी खात्याकडे जातो आणि तालुक्याची तक्रार निवारण समिती रानात येते : खात्याचे अधिकारी, कृषी विद्यापीठाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा शास्त्रज्ञ, सोबत कंपनीचा आणि दुकानाचा माणूस. रानातली रोपं मोजून पंचनामा होतो. दोष बियाण्याचा, की पावसाचा, की पेरणीचा, हे त्या कागदावर येतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं यातली अडचण साधी आहे. समिती येईपर्यंत दुबार पेरणीचा वाफसा निघून जातो. वाट पाहिली तर हंगाम जातो आणि रान मोडून पुन्हा पेरलं तर पुरावा जातो.

२०२० च्या खरिपात हे सगळं मोठ्या प्रमाणावर घडलं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला होता आणि बियाण्यासाठी राखलेलं सोयाबीन भिजलं होतं. पुढच्या जूनमध्ये मराठवाडाभर तक्रारींचा पाऊस पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून स्वतःहून दखल घेतली. एकेकटा शेतकरी दुकानात जे सांगत होता तेच हजारोंच्या तोंडी आलं, तेव्हाच ते ऐकू गेलं.

कायद्यानं त्याआधीच एक मोठी खिडकी उघडलेली होती. बियाण्याच्या कंपन्या वर्षानुवर्षं म्हणत होत्या की शेतकरी पीक विकायला पेरतो, म्हणून तो ग्राहकच नाही. शिवाय त्यानं बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवलेला नाही, मग दोष सिद्ध कसा करणार? राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१२ मध्ये दोन्ही मुद्दे फेटाळले. शेतकरी ग्राहक आहे. आणि घेतलेलं सगळं बी तो पेरणारच, नमुना काढून ठेवायला तो काही प्रयोगशाळा चालवत नाही, असा त्या निकालाचा सरळ अर्थ. पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आणखी एक सोय केली : तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय हैदराबादला असलं तरी वडवणीच्या माणसाला बीडच्याच जिल्हा आयोगात जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही. २०१२ च्या त्या निकालानंतर तक्रार नीट नोंदवून ठेवणं कंपन्यांच्याच हिताचं झालं. म्हणजे इथं कंपनीला ऐकायला लावलं ते कायद्यानं. भलेपणाचा संबंध थोडा.

नोंदलेली तक्रारही वर चढताना झिजते, ती का, हे कंपनीच्या माणसाचा पगार कशावर ठरतो ते पाहिलं की कळतं. तालुक्यात फिरणाऱ्या प्रतिनिधीला विक्रीचं टार्गेट असतं. त्याच्या वरच्याला जिल्ह्याचं असतं. "माझ्या भागात आपलं वाण चालत नाही" हे वाक्य बोलणारा स्वतःच्याच विक्रीविरुद्ध बोलत असतो. म्हणून दुकानात "उगवलंच नाही" असलेलं जिल्ह्याच्या बैठकीत "काही ठिकाणी उगवण कमी" होतं आणि पुण्या-हैदराबादला पोचेपर्यंत "पाऊस अनियमित होता" होतं. कुणी ठरवून खोटं बोलत नाही. प्रत्येक जण एकेक शब्द मऊ करत जातो.

न बोलता दिलेलं मत तर आणखी उशिरा पोचतं. बीटी कापसाचं बियाणं आलं तेव्हा ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची एक छोटी पुडी मिळायची, बिगर-बीटी सरकीची. ती बांधाकडेनं लावायची होती, म्हणजे बोंडअळीला थोडं साधं खाद्य मिळेल आणि तिच्यात बीटीला दाद न देणारी पिढी लवकर तयार होणार नाही. कल्पना शास्त्राला धरून होती. पण शेतकऱ्यानं हिशोब केला : अळीनं खायचं म्हणून मी कापूस लावू? बहुतेकांनी ती पुडी लावलीच नाही. बांधावर फेकलेली ती पुडी हे कंपनीला मिळालेलं सगळ्यात स्पष्ट उत्तर होतं, पण ते कुठल्या फॉर्मवर लिहिलेलं नव्हतं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं मराठवाडा-विदर्भातला कापूस पोखरला. ती पुडी न लावणं हे त्यामागचं एक कारण, एकमेव नव्हे. आता ४७५ ग्रॅमच्या पाकिटातच पाच ते दहा टक्के बिगर-बीटी बी मिसळून येतं. वेगळी पुडी नाही, म्हणून फेकायलाही काही नाही. ऐकायला एवढी वर्षं लागावीत याचं नवल वाटत नाही. शेतकरी पुडी लावत नाही याचा दोष "प्रबोधन कमी पडतं" या सदरात टाकायची सोय होती, तोवर माल बदलायची गरज कुणाला वाटणार?

याच्या उलट वागलेला मराठी कारखानदार शोधायला शंभर वर्षं मागं जावं लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकऱ्याची पहिली प्रतिक्रिया होती की लोखंडानं जमीन नासते. नांगर पडून राहिले. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तरी गिऱ्हाइकाशी बोलल्याशिवाय हा माल खपायचा नाही, हे त्या घराण्याला पक्कं कळलेलं होतं. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत न्यावी म्हणून कारखान्यानं काढलेलं हे पत्र. ते पुढे मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं आणि त्याच घरातून 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाली. नांगराच्या कारखान्यातून साहित्य निघालं याचं आपल्याला कौतुक आहे. मला त्यातला आधीचा भाग मोठा वाटतो : कारखान्यानं ज्या शेतकऱ्याला नांगर विकायचा त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलायची जागा कायमची करून ठेवली, मधे दुकानदार न ठेवता.

आता दुसरी गोष्ट : कल्पना. समजा, परळीजवळच्या एखाद्या शेतकऱ्यानं पेरणी यंत्राच्या नळीला असा झडपेचा तुकडा बसवला की चिखल अडकत नाही. त्यानं यंत्राच्या कंपनीला चित्र काढून पत्र पाठवलं. मोठी कंपनी या पत्राचं काय करते? पुष्कळदा ते पत्र अभियंत्याच्या टेबलावर जाऊच देत नाही. कायदा विभाग ते बाजूला काढतो आणि गोड शब्दांत उत्तर जातं की आम्ही बाहेरच्या कल्पना स्वीकारत नाही. ॲपलसारख्या कंपनीचं धोरण तर उघड आहे : कल्पना पाठवूच नका, आणि पाठवलीत तर ती आमची झाली, मोबदला मिळणार नाही. वाचणाऱ्याला हा उर्मटपणा वाटतो. त्याच्यामागची भीती मात्र खरी आहे.

कंपनीचे स्वतःचे अभियंते त्याच नळीवर काम करत असतात. उद्या त्यांनी तशीच झडप काढली, तर पत्र लिहिणारा म्हणणार, माझी चोरली. कंपनीला "आम्हाला आधीच सुचलं होतं" हे सिद्ध करत बसावं लागेल. पत्र न वाचणं हाच सर्वांत स्वस्त बचाव. अमेरिकेत रॉबर्ट कर्न्स नावाच्या अभियंत्यानं थांबत थांबत चालणारा गाडीचा वायपर शोधला आणि १९६३ मध्ये तो फोर्ड कंपनीला दाखवला. पुढे कंपनीनं तसा वायपर गाड्यांना लावला. कर्न्स कोर्टात गेले आणि १९९० मध्ये फोर्डला एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागली. त्यांच्याकडे पेटंट होतं, म्हणून हे झालं.

मुंबईतही असाच एक खटला गाजला. सनडायल कम्युनिकेशन्स या संस्थेनं 'कृष कन्हैया' नावाच्या मालिकेची संकल्पना झी टेलिफिल्म्सला विश्वासानं सांगितली होती, लेखक संघटनेत ती नोंदवलेलीही होती. पुढे 'कन्हैया' नावाची मालिका येत असल्याचं त्यांना दिसलं. मुंबई उच्च न्यायालयानं २००३ मध्ये त्या मालिकेवरची मनाई कायम ठेवली. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलेलं आहे. पण विश्वासानं सांगितलेली, पुरेशी तपशीलवार आणि नवी कल्पना परस्पर वापरली तर तो विश्वासभंग ठरतो, हे सनडायलच्या निकालानं अधोरेखित केलं. तेव्हापासून कंपन्यांच्या वकिलांना "विश्वासानं" हाच शब्द नको असतो. म्हणून संकेतस्थळावरच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की तुम्ही जे काही पाठवाल ते गोपनीय समजलं जाणार नाही.

यातून मार्ग काढणाऱ्याही काही कंपन्या आहेत. लेगो या डॅनिश खेळण्यांच्या कंपनीनं कल्पनेसाठी वेगळा दरवाजाच केला, अटी आधीच लिहून. तिथं आपली रचना मांडायची, दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला तर कंपनी तिचा विचार करते आणि खेळणं बाजारात आलं तर निव्वळ विक्रीचा एक टक्का कल्पकाला. दोन्ही बाजूंना काय मिळणार ते आधीच ठाऊक, म्हणून भीती उरत नाही.

कागद न करता देऊन टाकलेल्या कल्पनेचं काय होतं, याचं महाराष्ट्रातलं उदाहरण भाताचं आहे. दादाजी खोब्रागडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे (आपलं मराठवाड्यातलं नांदेड नव्हे). जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ मध्ये आपल्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं पारखल्या, आणि त्यातून बारीक दाण्याचं एक वाण उभं राहिलं. तेव्हा लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याचं नाव पडलं 'एचएमटी'. १९९४ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या माणसांनी त्यांच्याकडून प्रयोगासाठी पाच किलो बी नेलं. १९९८ मध्ये विद्यापीठाचं 'पीकेव्ही एचएमटी' बाहेर पडलं. आम्ही ते शुद्ध केलं, ही विद्यापीठाची बाजू. पण मूळ निवड कुणाची, हा प्रश्न खोब्रागडे शेवटपर्यंत विचारत राहिले. २००५ मध्ये राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला, तो राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या पुरस्कारानं. ३ जून २०१८ रोजी ते गेले. गावोगावच्या ताटांत त्यांचा भात शिजतो आणि त्यांच्या घरची परिस्थिती अखेरपर्यंत ओढगस्तीचीच राहिली.

एरिक फॉन हिपेल या अमेरिकेतल्या अभ्यासकानं सत्तरच्या दशकापासून एकच गोष्ट लावून धरली आहे : वस्तूत सुधारणा बनवणाऱ्यापेक्षा वापरणाऱ्याकडून अधिक येते, कारण अडचण त्याला आधी येते. बीडमध्ये हे सांगायला अभ्यासक लागत नाही. कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात जा. कंपनीच्या पेरणी यंत्राची दाती बीडच्या काळ्या चिकट रानात बसवण्यासाठी तिथं कापली-वाकवली जातात, ट्रॅक्टरच्या वखराला जादा पास लागते, फवारणी पंपाची नळी लांब होते. सायकलचं पुढचं चाक आणि हँडल वापरून केलेलं सायकल कोळपं आज बैल न परवडणाऱ्या माणसाच्या हातात सगळीकडे दिसतं. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी 'कृषिराजा' नावानं केलेल्या अशाच अवजाराची नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं दखल घेतली. कोळपं मात्र कुणा मोठ्या कंपनीच्या कारखान्यात गेलं नाही. गावागावातल्या फॅब्रिकेशनवाल्यांनी ते आपापल्या मापानं केलं. कंपनीनं दार लावलं की कल्पना वेल्डरकडे जाते, आणि तिथं ती दोन दिवसांत तयार होते. नुकसान कंपनीचंच.

२०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या (यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव) एका कारागिरानं भंगारातून केलेली चारचाकी मोबाइलवर गाजली. ती मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होते. उद्योगपती आनंद महिंद्रांनी जाहीरपणे कौतुक केलं, ही गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नाही हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारीत ती दिलीही. बोलेरो बक्षीस म्हणून आली. गाडी कंपनीच्या संशोधन केंद्रात प्रेरणा म्हणून ठेवायचं ठरलं. मला हे औदार्य खोटं वाटत नाही. पण यातली चतुराई बघण्यासारखी आहे : कंपनीनं माणसाचा सन्मान केला आणि आराखडा वापरायचा प्रश्नच येऊ दिला नाही.

म्हणून ज्याच्या रानात खरंच काही नवं सुचलं आहे, त्यानं कंपनीला पत्र टाकण्याआधी पेटंटचा कायदा थोडा समजून घ्यावा. १९७० च्या या कायद्याचं कलम ३ म्हणतं की शेतीची पद्धत पेटंटयोग्य नाही. म्हणजे पेरणीचं अंतर बदलून उत्पन्न वाढलं तर ते जगाला सांगा, त्यावर हक्क मिळणार नाही. वाण किंवा बी यांवरही पेटंट नाही. त्यांच्यासाठी २००१ चा वनस्पती वाण व शेतकरी हक्क कायदा आहे, शेतकऱ्याचं वाण त्यात नोंदवता येतं. नोंदलेलं वाण सांगितल्याप्रमाणे आलं नाही तर शेतकऱ्याला भरपाई मागता येते, तेही त्याच कायद्यात आहे. जुन्या दोन वस्तू नुसत्या एकत्र जोडल्या तर त्यालाही पेटंट नाही. जुगाडाचं घोडं बहुधा इथंच अडतं. अवजारात खरोखर नवी युक्ती असेल तर मात्र आधी तात्पुरता अर्ज दाखल करता येतो. त्यानंतर पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. सगळ्यात जास्त लोक ज्यात फसतात ती गोष्ट वेगळीच : अर्जाआधी अवजार मेळाव्यात दाखवलं, त्याचा व्हिडिओ टाकला, तर ते "नवं" राहत नाही. कौतुक आधी आणि अर्ज नंतर, असं बहुतेकांचं होतं.

हे एकट्यानं जमत नसेल तर गांधीनगरचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान आहे. ते २००० साली स्थापन झालं आणि सामान्य माणसाच्या शोधांसाठीच आहे. तिथं कल्पना पाठवताना एक संमतीपत्र भरून द्यावं लागतं : माझी माहिती कुणाला सांगायची, कुणाला नाही, उत्पादकाला द्यायची झाली तर कोणत्या अटीवर. ते पत्र भरायला दहा मिनिटं लागतात. दादाजींकडून पाच किलो बी नेताना असा कागद झाला असता, तर १९९८ नंतरचा वाद वेगळ्या जागी सुरू झाला असता.